उसाच्या फडावरच्या लेकरांना जंताची गोळी कुणी द्यायची?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पत्र लांबलंय, कापायचं असेल तर मधलं कापा पण शेवटचं ठेवा एवढी विनंती. मागच्या आठवड्यात तुमच्या जिल्हा पानावर जंतनाशक मोहिमेची बातमी होती, जवळपास शंभर टक्के लेकरांना गोळी दिली म्हणून, सोबत फोटो, रांगेत उभी लेकरं आणि पाहुणे एकाच्या तोंडात गोळी घालताना. बातमी खोटी आहे असं माझं म्हणणं नाही. त्या शंभरात माझ्या शाळेचे पण शंभर टक्के आहेत, ते कसे झाले ते मला माहितीय, म्हणून लिहायला बसलो.

मी बीड जिल्ह्यातल्या एका झेडपी शाळेवर शिक्षक आहे. गावाचं नाव टाकत नाही, गरज पण नाही, आमच्या पट्ट्यातल्या कुठल्याही वाडीवर तांड्यावर हेच चालू आहे. पहिली ते चौथी, पट ५३. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या नेणाऱ्या मुकादमाच्या गाड्या लागायला लागतात, आणि दिवाळीची सुट्टी संपवून आम्ही शाळेत येतो तेव्हा १९ लेकरं गेलेली असतात, कुणी सांगलीकडं, कुणी साताऱ्याकडं, काही पार कर्नाटकात. आईबाप कोयत्यावर म्हणजे ऊस तोडायला, लेकरं कोपीवर म्हणजे रानाकडंच्या झोपडीत. हंगामी वसतिगृह मंजूर होऊन येतं पण ते येईपर्यंत जाणारे गेलेले असतात, आणि ज्या घरी म्हातारी माणसंच नाहीत त्यांनी लेकरं ठेवायची कुणाजवळ. परत येतात ती पाडव्याच्या आसपास, कारखाना लांबला तर त्याच्याही नंतर.

आता गोळीचं. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ च्या फेब्रुवारीत सुरू झाला. वर्षातून दोनदा, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट, कधी कधी तारीख मागंपुढं होते. एक ते एकोणीस वर्षांच्या सगळ्यांना ॲल्बेंडाझोल, दोन वर्षाच्या आतल्या बाळाला अर्धी, चुरा करून पाण्यातून, वरच्यांना अख्खी ४०० मिलिग्रॅमची, तीन वर्षाच्या आतल्यांना चुरा करून, मोठ्यांनी चावून खायची. गोळी घरी न्यायला द्यायची नाही, आमच्या डोळ्यासमोर खाल्ली पाहिजे. आजारी लेकराला द्यायची नाही. खाल्ली की हजेरीपटात नावापुढं एक टिक, त्या दिवशी राहिला आणि नंतरच्या मॉप-अपला, म्हणजे राहिलेल्यांसाठी ठेवलेल्या दिवशी, खाल्ली तर दोन टिका. नियम चांगले आहेत, मनापासून सांगतो. आमच्याकडं खिचडी झाली की आम्ही गोळी देतो, पहिली मी स्वतः खातो लेकरांसमोर, कारण एका वर्षी तिसरीतल्या पोराला उलटी झाली आणि अर्ध्या तासात चार मोटारसायकली शाळेच्या गेटवर, काय दिलं आमच्या लेकराला म्हणून. पोटात जंत जास्त असले की गोळीनंतर मळमळ होते, पोट दुखतं, थोड्या वेळानं थांबतं. हे पालकांना आधी सांगितलं असतं तर मोटारसायकली आल्या नसत्या. ती चूक आमचीच होती.

तर ह्या फेब्रुवारीत. शाळेत ३४ लेकरं. ३२ जणांनी त्या दिवशी खाल्ली, एक तापानं फणफणलेली, एक मामाच्या गावाला. दोघांनी मॉप-अपला खाल्ली. ३४ पैकी ३४. ग्रुपवर फॉरमॅट आला, मी भरला, पट ५३ आणि गोळी ३४ असा. संध्याकाळी वरून साहेबांचा फोन. सर, तुमची टक्केवारी कमी दिसते, स्थलांतरित लेकरं पटात कशाला धरली, ती वजा करून पाठवा. मी म्हणलं साहेब पटावर तर आहेत ना. ते म्हणाले आहेत हो, पण ती तिकडं घेतीलच की, जातील तिथल्या अंगणवाडीत. मग मी वजा केली. करायलाच लागते, नाहीतर सगळ्या केंद्राचा, म्हणजे आसपासच्या शाळांचा, रिपोर्ट माझ्यामुळं अडकतो आणि बाकीचे शिक्षक मला शिव्या देतात. ३४ भागिले ५३ केलं तर ६४ टक्के, ३४ भागिले ३४ केलं तर शंभर. छेद लहान केला की अपूर्णांक मोठा होतो, हे गणित मीच लेकरांना शिकवतो.

"तिकडं घेतीलच की" हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कागदावर ते बरोबरच आहे, शाळेत नाव नसलेल्या लेकरांना जवळच्या अंगणवाडीत गोळी द्यायची आणि आशा ताईनं त्यांना बोलावून आणायचं असं मोहिमेत स्पष्ट आहे. योगायोग असा की त्याच महिन्याच्या शेवटी मेव्हण्याच्या कामासाठी मला साताऱ्याकडं जायला लागलं आणि आमच्या गावची एक टोळी तिथं जवळच होती, मुकादमाला फोन लावला आणि गेलो. दुपारचे तीन वाजलेले. उसाच्या रानाच्या कडंला दहाबारा कोप्या, पाचटाच्या, वर प्लॅस्टिकचा कागद. मोठी माणसं फडात. माझी चौथीतली एक पोरगी कडेवर धाकट्या भावाला घेऊन पाटाच्या कडंला उभी, पायात काही नाही, घोट्यापर्यंत चिखल. मला बघून आधी लाजली मग पळत आली. भाऊ दीडदोन वर्षाचा असंल, अंगात नुसता सदरा, हातापायाच्या काड्या आणि पोट नगाऱ्यासारखं. तिला विचारलं, गोळी घेतली का गं ह्या महिन्यात? म्हणाली, "कुठली सर? ती गोड वाली? ती तर मपल्या शाळेत असती." अंगणवाडी कुठंय विचारलं तर तिला माहीत नाही. तिच्या चुलत्यानं सांगितलं की गावात आहे, दोन अडीच किलोमीटर, पण आम्हाला कोण ओळखतंय तिथं. मी येताना त्या गावातल्या अंगणवाडीच्या ताईंना भेटलो, चांगल्या होत्या बिचाऱ्या, चहा पाजला, म्हणाल्या सर माझ्या सर्व्हेच्या यादीत जेवढी नावं तेवढ्याच गोळ्या येतात, हे लोक नोव्हेंबरात येतात, टोळी ह्या रानातून त्या रानात जाते, मी कुणाला शोधत फिरू. त्यांचंही खरंय.

म्हणजे बघा, माझ्या गावात ती पोरगी स्थलांतरित म्हणून वजा आणि तिकडच्या यादीत तिची बेरीजच नाही. दोन्हीकडचे रिपोर्ट शंभर टक्के आणि पोरगी चिखलात.

कुणी म्हणंल एका गोळीचं काय घेऊन बसलात गुरुजी. तर जरा जंतांचं सांगतो, आरोग्य खात्याच्या ट्रेनिंगमध्ये ऐकलेलं आणि नंतर वाचलेलं. आपल्याकडं मुख्य तीन, गोल जंत, चाबूककृमी आणि अंकुशकृमी. तिन्हींची अंडी माणसाच्या शौचातून मातीत जातात आणि मातीतूनच परत माणसात येतात. गोल जंताची एक मादी दिवसाला दोन लाखाच्या आसपास अंडी घालते, ती मातीत दोनतीन आठवडे पिकतात, मग न धुतलेल्या हातातून, भाजीतून पोटात. अंकुशकृमी त्याहून बेरकी, त्याला तोंडातून जायची पण गरज नाही, ओल्या मातीत अळी तयार होते आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत घुसते, बोटांच्या बेचक्यात खाज सुटते तेवढीच खूण, आणि आतड्याला चिकटून रक्त पीत बसतो. आता उसाचं रान डोळ्यासमोर आणा, कायम ओलं, कायम सावली, टोळीला संडास नाही म्हणून सगळी त्याच रानात जाणार, आणि लेकरं अनवाणी. अंकुशकृमीला ह्याच्यापेक्षा चांगली सोय कुणी करून दिली नसती. आणि ज्या पोरीचं रक्त आधीच कमी तिचंच रक्त आतून पिलं जातं. आम्ही शाळेत दर आठवड्याला लोहाची गोळी देतो, म्हणजे वरून भरायचं आणि खालून भोक तसंच.

म्हाताऱ्या म्हणतात गोड खाल्लं की जंत होतात, पोरगं झोपेत दात खातं म्हणजे जंत झाले, वावडिंगाचं पाणी पाजा. वावडिंगाला नावं ठेवायची नाहीत मला, माझ्या आईनं आम्हाला तेच पाजलं. पण गोडानं जंत होत नाहीत हे मी दरवर्षी पालकसभेत सांगतो आणि दरवर्षी एखादी आजी माझ्याकडं बघून हसते.

आता शिकलेल्या लोकांची शंका. आमच्या तालुक्याच्या ठिकाणी एक ओळखीचे औषधवाले आहेत, वाचणारा माणूस, ते म्हणतात ह्या सरसकट गोळ्यांचा फायदा सिद्धच झालेला नाही. मी म्हणलं बघू. तर केनियात बुसिया नावाच्या जिल्ह्यात १९९८ पासून ७५ शाळांमध्ये प्रयोग झाला, मायकल क्रेमर आणि एडवर्ड मिग्वेल ह्या अर्थशास्त्रज्ञांचा, २००४ साली छापून आला. शाळा गटागटानं घेतल्या, काहींना गोळ्या आधी, काहींना नंतर, आणि गोळी मिळालेल्या शाळांमध्ये लेकरांची गैरहजेरी साधारण पाव हिश्श्यानं कमी झाली. ह्याच क्रेमरना पुढं २०१९ साली अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो ह्यांच्याबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं (बॅनर्जी जन्मले मुंबईत, आई मराठी, हे आपलं सहज). पण औषधवाल्यांचं पण पूर्ण चूक नाही. लंडनच्या संशोधकांनी केनियाचे तेच आकडे परत तपासले, त्यात चुका सापडल्या, २०१५ मध्ये त्यावरून मोठा वाद झाला. आणि आपल्याच उत्तर प्रदेशात दहा लाखाच्या आसपास लहान लेकरांवर मोठा अभ्यास झाला, दर सहा महिन्यांनी जंताचं औषध, २०१३ साली निकाल छापला, त्यात मृत्यूंवर विशेष फरक दिसला नाही, वजनावर पण नाही.

मला ह्यातून कळलं ते एवढंच की ज्या भागात जंत मुळात कमी तिथं गोळीनं फरक दिसणार नाही, जिथं जवळजवळ सगळ्याच लेकरांच्या पोटात आहेत तिथं दिसणार. बुसिया तसलाच भाग होता. गोळीनं वजन वाढतं का, मार्क वाढतात का ह्यावर खुशाल भांडा, पण गोल जंत आणि अंकुशकृमी गोळीनं पडतात ह्यावर कुणाचं भांडण नाही (चाबूककृमी जरा चिवट, एका गोळीत सगळे जात नाहीत). आणि गोळी काही रुपयांची, शौच तपासायचं म्हणलं तर त्याच्या कितीतरी पट खर्च, म्हणून तर जागतिक आरोग्य संघटना पण म्हणते की जिथं प्रमाण जास्त तिथं तपासत बसू नका, सगळ्यांना द्या. आपल्या देशात धोक्यात असलेली लेकरं त्यांच्या हिशोबानं बावीस कोटीच्या वर. त्यात सगळ्यात जास्त धोका कुणाला, पक्क्या फरशीवरच्या, बूट घातलेल्या लेकराला का पाटाच्या चिखलातल्या? आपण गोळी नेमकी उलट्या बाजूनं वाटतोय, जिथं फोटो चांगला येतो तिथं आधी.

केनियाच्या कामात अजून एक गोष्ट होती, त्याच शाळेत ज्या लेकरांनी गोळी खाल्ली नव्हती त्यांना पण थोडा फायदा झाला, कारण मातीत पडणारी अंडीच कमी झाली. ह्याचं उलट करून बघा. गावातल्या ३४ जणांनी खाल्ली, १९ जण पाडव्याला पोटात जंत घेऊन परत आले, आणि जूनमध्ये शाळा भरली की सगळी त्याच मातीत खेळणार.

घरी गोळ्या द्या असं सुचवणारे भेटतात, त्यांच्यासाठी माझीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मला पण तसंच वाटलं. राहिलेल्या गोळ्या परत पाठवायच्या असतात, मी त्यातल्या तीन कागदात बांधून एका आजीकडं दिल्या, म्हणलं लेकरं आली की द्या, माझ्यासमोर द्या. नियमात बसत नाही हे माहीत असून दिल्या. आजीनं त्या देवळीत ठेवल्या, देवाच्या डबीजवळ, एकदम जपून. पाडव्यानंतर लेकरं आली, मी गेलो, आजीनं पुडी सोडली तर आत नुसता पांढरा चुरा आणि मुंग्या. गोड वाली ना. त्या दिवसापासून मला डोळ्यासमोरच खाऊ घालायचा नियम का आहे ते कळलं, मुंग्यांच्या जागी धाकटं लेकरू असतं तर?

मग उपाय काय. नवीन काहीच नको, जे आपल्याकडं आधीपासून चालतं तेच करा. पल्स पोलिओ आठवा. पोलिओच्या वेळी फिरती पथकं वीटभट्टीवर जायची, बांधकामावर जायची, पालावर जायची, स्टॅंडवर रेल्वेत बूथ लावायची, टोळ्यांवर पण आलेली मी बघितलीत. लेकरू कुठल्या गावचं, कुणाच्या यादीत, पट किती, कुणी विचारलं नाही. दिसलं लेकरू की दोन थेंब, आणि करंगळीला मार्करनं खूण. २०११ च्या जानेवारीत देशातला शेवटचा पोलिओचा रुग्ण सापडला, २०१४ ला आपण पोलिओमुक्त झालो. ते यादीवर अडून बसले असते तर झालो असतो का? करंगळीची खूण हीच त्यांची यादी होती. थेंब फडापर्यंत पोचू शकतात तर गोळी का नाही, हा माझा साधा प्रश्न आहे आणि मला त्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

टोळी कुठंय हे शोधायला तर पोलिओवाल्यांपेक्षा सोपं आहे. ऊस तुटतो तिथं टोळी, आणि कुठल्या रानाला कधी तोड हे कारखान्याच्या शेतकी खात्याला रोजचं रोज माहीत असतं, चिटबॉय, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणारा कारखान्याचा माणूस, रोज फिरतो. मुकादमाकडं उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेल्या प्रत्येक कोयत्याचं (ऊस तोडणाऱ्या जोडीचं) नाव असतं, पैशाचा मामला आहे, तिथं एक नाव चुकत नाही. त्या यादीत लेकरांचा एक कॉलम वाढवायला काय जातं? गाळप सुरू असताना फेब्रुवारीत एक आठवडा उपकेंद्राच्या माणसांनी संध्याकाळी कोप्यांवर जायचं. संध्याकाळीच, कारण पहाटे तीनचारला माणसं उठून फडात जातात आणि बाप किंवा आई समोर असल्याशिवाय अनोळखी माणसाच्या हातची गोळी कोण कशाला लेकराला खाऊ देईल. त्यांना सांगून, समजावून, पाणी सोबत घेऊन. दीड वर्षाच्या त्या सदऱ्यावाल्याला अर्धी, चुरा करून. सोबत चपलांचं बघता आलं तर फारच उत्तम, पण ते आज मागत नाही, एका पत्रात एकच मागावं.

दुसरं, स्थलांतर करणाऱ्या लेकरांना आम्ही शिक्षण हमी कार्ड देतो, जिथं जाशील तिथल्या शाळेत दाखव म्हणून. त्यावर नाव, इयत्ता सगळं असतं. जंताच्या गोळीची तारीख लिहायला त्यावर एक चौकट छापा, एवढीशी. तिकडं गोळी दिली की तिकडच्यांनी तारीख टाकावी, लेकरू परत आलं की मी कार्ड बघीन, तारीख असली तर माझ्या पटात टिक करीन, नसली तर आल्याबरोबर देता येईल का ते आमच्या पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) डॉक्टरांना विचारीन. आणि वजाबाकी बंद करा. ५३ चा पट ५३ राहू द्या, ६४ टक्के आले तर ६४ छापा. ६४ छापलं की कुणीतरी विचारंल बाकीचे ३६ कुठंयत, शंभर छापलं की विषयच संपतो.

आमच्याच साहेबांना हे सगळं बोललो. म्हणाले सर तुमचं पटतंय पण तो दुसरा जिल्हा, दुसरी झेडपी, आम्ही काय करणार. साताऱ्याकडच्या ताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या ही लेकरं आमची नाहीत. दोघंही बरोबर, दोघंही भली माणसं.

म्हणून पुढच्या हंगामासाठी मी माझ्यापुरतं एक करून ठेवलंय. जाणाऱ्या १९ लेकरांची आणि त्यांच्या घरात पाच वर्षाखालची जी आहेत त्यांची यादी वहीत लिहिलीय, नाव, वय, मुकादमाचा फोन नंबर, आणि मागच्या वर्षी कुठल्या कारखान्याला गेले होते ते. एकूण २७ नावं झाली. दसऱ्याला गाड्या लागल्या की यंदा कुठं चाललेत ते विचारून तो कॉलम पण भरीन. यादी तयार राहील, झेरॉक्स पण मीच काढीन. ती कुणाच्या टेबलावर नेऊन ठेवायची तेवढं आपल्या पेपरातून कुणीतरी मला सांगावं.

आपला नेहमीचा वाचक,
एक झेडपी शिक्षक, जि. बीड
(नाव व गाव छापू नये ही विनंती)